दुखण्याचा मधला काळ : किरणोपचार आणि आमचें वाङ्मय

आमच्या कथाकादंबऱ्यांतील आजाऱ्यांची कोणी मोजदाद केली, तर एक गोष्ट चटकन ध्यानांत येईल. त्यांतील बहुतेक माणसें एक तर नुकतीं आजारी पडलेलीं असतात, नाहीं तर मरणाच्या दारांत उभीं असतात. आरंभीं डॉक्टर गंभीर चेहऱ्यानें नातलगांना बाजूला बोलावतो. शेवटीं समईची ज्योत फडफडते. या दोहोंच्या मध्यें जे आठवडे आणि महिने माणसाला प्रत्यक्ष काढावे लागतात, ते लेखक दोन ओळींत उरकून टाकतो. नाटककाराला तर हा मधला काळ मुळींच परवडत नाहीं. बोलपटाचीहि तीच रीत. २००४ सालचा ‘श्वास’ हा नेत्राच्या कर्करोगावरील मराठी चित्रपट सर्वांनीं वाखाणला, आणि तो योग्यच वाखाणला. परंतु त्याचें सारें सौंदर्य शस्त्रक्रियेच्या आधींच्या थोड्या तासांत साठविलेलें आहे. दृष्टि जाण्यापूर्वीं नातवाला जग दाखवूं पाहणारा आजोबा आम्हांला आठवतो. दृष्टि गेल्यानंतरचे महिने त्या पोरानें कसे काढले असतील, हा प्रश्न घेऊन आम्ही चित्रपटगृहाबाहेर पडतों.

ही नुसती वाङ्मयीन उणीव असती तर तिच्यासाठीं मासिकाचीं पानें खर्चीं घालण्याचें कारण नव्हतें. पण एखादी गोष्ट कोठें संपली असें मानावें, हें माणूस बऱ्याच अंशीं ऐकलेल्या आणि वाचलेल्या गोष्टींवरूनच शिकत असतो. आमच्या गोष्टी शस्त्रक्रियेवर संपत असतील, तर शस्त्रक्रियेनंतर उरलेला उपचार हा घरच्यांना शेपटासारखा वाटूं लागतो. राहिला तर राहिला, असें मनांत येतें. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतींत ही समजूत किती महाग पडूं शकते, तें पाहण्यासारखें आहे. भारतांतील स्त्रियांना जे कर्करोग होतात त्यांत संख्येनें आज पहिला क्रमांक याच रोगाचा लागतो. म्हणजे हा प्रश्न चार घरें सोडून पांचव्या घरचा राहिलेला नाहीं.

या रोगाच्या उपचाराचा क्रम आतां बहुतेक सुशिक्षित कुटुंबांना ऐकून माहीत असतो. शस्त्रक्रिया होते, तिच्या मागून, कधीं तिच्या आधीं, शिरेंतून द्यावयाचीं औषधें सुरू होतात. घरोघर त्यांना ‘केमो’ म्हणतात. त्या औषधांनीं केस जातात, अन्नाची वासना जाते, रक्तांतील पांढऱ्या पेशी उतरतात. या काळांत घर जागें असतें. बहीण माहेरून येऊन राहते, शेजारीण डबा पाठविते, भेटीला येणाऱ्यांची रीघ लागते. मग शेवटची सलाईन उतरते आणि सारे निःश्वास टाकतात. बहीण परत जाते, मुलें आपल्या नोकऱ्यांवर रुजू होतात. आणि नेमक्या याच वेळीं, थोड्या आठवड्यांच्या विसाव्यानंतर, पुष्कळ रुग्णांच्या वांट्याला किरणोपचार येतो.

हा उपचार विलक्षण शांत असतो. प्रथम एक दिवस मोजमापाचा. हात डोक्यावर घेऊन बाईला फळीवर निजवितात, क्ष-किरणांच्या साह्यानें छातीचें अंतरंग पाहून घेतात, आणि रोज तीच जागा तशीच सांपडावी म्हणून कातडीवर शाईच्या रेघा किंवा गोंदणाचे बारीक ठिपके काढतात. पुढें आठवड्याचे पांच दिवस तिनें तेथें जावयाचें. जाड भिंतींच्या खोलींत तिला एकटीला ठेवून सगळे बाहेर जातात. यंत्र गुणगुणतें, तिच्याभोंवतीं फिरतें, आणि थोड्या मिनिटांत दार उघडतें. दुखत नाहीं, भाजत नाहीं, दिसत नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कातडी लाल आणि मग काळवंडलेली दिसूं लागते, घडीच्या जागीं कधीं ओली होते. आणि एक असा थकवा येतो, कीं जो झोपेनें जात नाहीं. गंमत अशी कीं, हा त्रास उपचार संपल्यावर आठवडा-दोन आठवडे वाढतहि राहतो; म्हणजे ज्या दिवशीं घरांत पेढे वाटले जातात, त्याच्या पुढच्या आठवड्यांत बाई सर्वांत अधिक थकलेली असूं शकते.

उपचार असा हप्त्याहप्त्यानें कां द्यावयाचा, याचेंहि कारण मनोरंजक आहे. किरण पेशींच्या गाभ्यांतील डीएनए नांवाच्या सूत्राचे तुकडे करतात. निरोगी पेशी ही मोडतोड एका दिवसाच्या अवधींत बरीचशी दुरुस्त करूं शकतात. कर्कपेशींना तें तितकेंसें साधत नाहीं. म्हणून एकूण मात्रा थोडी थोडी, मध्यें विसावा ठेवून द्यावयाची. पूर्वीं पांच आठवड्यांत पंचवीस हप्ते हा सामान्य रिवाज होता. ब्रिटनमधील मोठ्या तुलनात्मक अभ्यासांनंतर तीन आठवड्यांत पंधरा हप्ते बहुतेकांना पुरे पडतात असें ठरलें, आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासानें कांहीं रुग्णांच्या बाबतींत एका आठवड्यांतील पांच हप्त्यांनींहि काम भागतें असें दाखविलें.

आणि या नीरस भासणाऱ्या येरझारांचें फळ काय? स्तन न काढतां केवळ गांठ काढलेल्या १०,८०१ स्त्रियांच्या सतरा अभ्यासांचा एकत्र हिशेब २०११ सालीं प्रसिद्ध झाला. किरणोपचार न घेतलेल्यांत दहा वर्षांच्या आंत शेंकडा पस्तीस जणींचा रोग उलटला होता. घेतलेल्यांत हें प्रमाण एकोणीसांवर आलें. दहा वर्षांत टळलेल्या प्रत्येक चार पुनरुद्भवांमागें पंधराव्या वर्षापर्यंत सुमारें एक मृत्यु टळला, असें त्या हिशेबाचें सार आहे. शेपूट म्हणून ज्याला आम्ही हिणवतों, त्यांत एवढा जीव आहे.

मग हा काळ आमच्या लेखणीला कां दिसला नाहीं? पहिलें कारण उघड आहे. त्यांत प्रेक्षणीय असें कांहीं नाहीं. शस्त्रक्रियेंत रक्त आहे, दिवा आहे, बंद दाराबाहेर येरझारा घालणारा पति आहे. किरणोपचारांत दिसतें तें एवढेंच, कीं एक बाई खोलींत गेली आणि बाहेर आली. उद्यां पुन्हां जाईल. दुसरें कारण अधिक खोल आहे. आमच्या प्राचीन वाङ्मयांत रोग आहे, पण तो बहुतेक ठिकाणीं रूपकाच्या वेषांत आहे. संसार हा भवरोग, सद्गुरु हा वैद्य, नाम हें औषध, हें रूपक आमच्या संतांनीं इतकें रुजविलें आहे कीं, खऱ्या रोग्याला बोलण्यास जागाच उरलेली नाहीं. रोग म्हटला कीं वाचक त्याचा आध्यात्मिक अर्थ शोधूं लागतो, आणि रोगी आपलें पूर्वसंचित. संस्कृत कवि मयूर याची आख्यायिकाहि अशीच आहे. त्याला कुष्ठ झालें, त्यानें सूर्याचें शंभर श्लोकांचें स्तोत्र रचलें आणि सूर्यानें त्याला बरें केलें, असें सांगतात. किरणांनीं बरें होण्याची ही आमच्या परंपरेंतील कदाचित् सर्वांत सुंदर कथा. पण तींतहि मयूराच्या हातापायांना काय होत होतें याचा पत्ता नाहीं. त्या मानानें आमचे वैद्यच अधिक वास्तववादी म्हणावे लागतील. सुश्रुतानें ‘अर्बुदा’चें वर्णन करतांना तें मोठें असतें, सावकाश वाढतें आणि पिकत नाहीं, असें साध्या डोळ्यांनीं पाहून लिहून ठेविलें. काव्यानें मात्र तेथून डोळे फिरविले.

तिसरें कारण लज्जेचें. स्त्रीच्या वक्षःस्थलाचें वर्णन करण्यांत आमच्या शृंगारकवींनीं कधीं कंजूषी केली नाहीं. मातृत्वाच्या गौरवांतहि त्या अवयवाला मानाचें स्थान आहे. पण तोच अवयव दुखूं लागला कीं भाषेची वाचा बसते. बाई ‘गांठ’ म्हणते, ‘तिथें’ म्हणते, ‘छातींत कांहीं तरी’ म्हणते. पुष्कळ वेळां कांहींच म्हणत नाहीं आणि महिने लोटतात. ज्या अवयवासाठीं भाषेनें कवीला शंभर शब्द दिले, त्याच अवयवाच्या दुखण्यासाठीं त्या अवयवाच्या धनिणीला तिनें एकहि सरळ शब्द देऊं नये, हा आमच्या वाङ्मयीन अभिरुचीवरचा मोठाच ठपका आहे.

पाश्चात्य वाङ्मयाशीं तुलना केल्यावांचून आम्हां इंग्रजी शिकलेल्यांना चैन पडत नाहीं. परंतु येथें ती खरोखरच उपयोगी आहे. इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिच्यावर १८११ च्या सप्टेंबरांत पॅरिसमध्यें स्तनाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया करणारा लॅरी हा नेपोलियनच्या सैन्याचा प्रख्यात शल्यवैद्य; आणि भूल देण्याची विद्या तेव्हां जन्मासहि आलेली नव्हती. तो सारा प्रसंग तिनें आपल्या बहिणीला पत्रांत लिहून कळविला, आणि तें पत्र पुरें करावयास तिला कित्येक महिने लागले. वर्णनांतील धैर्य अपूर्व आहे. परंतु माझ्या मतें त्या पत्राचें खरें महत्त्व त्या महिन्यांत आहे. प्रसंग मिनिटांचा, आणि तो शब्दांत धरण्यास ऋतूमागून ऋतु लागले. यावरूनच दुखण्याचा मधला काळ केवढा लांब असतो, हें वाचकाच्या अंगावर येतें. बर्नी त्यानंतर १८४० पर्यंत जगली.

किरणोपचारासंबंधीं मात्र जगांतील थोर कादंबरी एकच, आणि ती रशियन आहे. सोल्झेनित्सिन याची ‘कॅन्सर वॉर्ड’ १९६८ सालीं स्वदेशाबाहेर प्रसिद्ध झाली. स्वदेशीं ती छापूं दिली गेली नाहीं. लेखकानें स्वतः १९५४ सालीं ताश्कंदच्या रुग्णालयांत हा उपचार घेतलेला होता. कादंबरीचा नायक कोस्तोग्लोतोव्ह किरणनळीखालीं पडलेला असतो. त्याच्या पोटाचे चौकोन आंखलेले असतात. एका चौकोनावर किरण पडावे म्हणून बाकीचे शिशानें भारलेल्या रबराच्या जड चादरींनीं झांकलेले असतात. कसलाच आवाज नाहीं, कसलीच वेदना नाहीं. आणि त्या शांततेंत त्याच्या शरीरांतून काय आरपार चाललें आहे, याचा तो विचार करीत राहतो. जेथें कांहींच घडतांना दिसत नाहीं, तेथें लेखकानें केवढें नाट्य पाहिलें! पुढें तो यापेक्षांहि धीट पाऊल टाकतो. किरणविभागाची प्रमुख डॉक्टर दोन्त्सोव्हा ही वर्षानुवर्षे त्याच किरणांत वावरून शेवटीं स्वतःच रोगाची शिकार होते. आणि पूर्वीं आपण बरे केलेले रुग्ण किरणांच्या उशिरा उमटलेल्या इजा घेऊन परत येतात, हें पाहून तिचें मन खातें. उपचार हाहि निर्मळ देव नव्हे, हें सांगूनहि कादंबरी उपचारावरचा विश्वास मोडीत नाहीं. याच पुस्तकांत स्तन गमावणार असलेली आस्या नांवाची कोवळी मुलगी आहे. तिचा आकांत वाचतांना कोणाच्याहि मनांत अश्लीलतेचा विचार येत नाहीं. लज्जेचा प्रश्न लेखकाच्या दृष्टीचा असतो, विषयाचा नसतो, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाहीं.

अमेरिकेंत दोन बायांनीं हा विषय दोन टोकांनीं धरला. सूझन सोंटॅग हिला १९७५ सालीं स्तनाचा कर्करोग झाला. १९७८ सालीं तिनें रोग आणि रूपक यांवर जें पुस्तक लिहिलें, त्यांत स्वतःविषयीं एक अक्षर नाहीं. कर्करोगाची सारी भाषा युद्धखात्यांतून उसनी आणलेली आहे, किरणोपचाराची तर थेट विमानांतून होणाऱ्या भडिमाराची आहे, असें तिनें दाखविलें. आणि रोगाला रूपकांतून सोडवावें, असा आग्रह धरला. उलट कवयित्री ऑड्री लॉर्ड हिनें १९८० सालीं आपली रोजनिशीच प्रसिद्ध केली. गेलेल्या स्तनाच्या जागीं कृत्रिम उंचवटा बांधून ‘कांहीं झालेंच नाहीं’ असें दाखविण्यास तिनें नकार दिला. कारण सगळ्याच झांकून वावरल्या तर एकीला दुसरी ओळखूं कशी येणार, असा तिचा प्रश्न होता. या प्रश्नाला आमच्या समाजांत तर दुप्पट धार आहे.

आतां आपल्याकडे वळूं. गेल्या कांहीं दशकांत मराठींत कर्करोगाच्या आत्मकथनांची वाण राहिलेली नाहीं. दिवाळी अंकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि पुस्तकरूपानेंहि तीं येतात. त्यांतील प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. आणि गप्प बसण्यापेक्षां बोलणें केव्हांहि बरें. पण त्यांतील बहुसंख्य कथनांची घडण एकाच सांच्याची आहे. झुंज, लढा, मात, विजय. कर्करोग हा शत्रु, रुग्ण ही रणरागिणी, आणि शेवटच्या पानावर विजयध्वज. सोंटॅगचा आक्षेप येथें जसाच्या तसा लागू पडतो. पण माझा आक्षेप थोडा निराळा आहे. युद्धांत जिंकणारा शूर ठरतो, म्हणूनच मरणारा हरलेला ठरतो. ज्या बाईचा रोग सगळे हप्ते नीट घेऊनहि पांच वर्षांनीं उलटला, तिला या पुस्तकांत कोठें जागा आहे? ती काय कमी लढली? किरणयंत्राखालीं निजलेल्या बाईला वास्तविक लढावयाचें नसतेंच. तिला निश्चल पडून राहावयाचें असतें. डावी बाजू असेल तर पुष्कळ ठिकाणीं तिला दीर्घ श्वास घेऊन तो रोखून धरावयास सांगतात, कारण छाती फुगली म्हणजे हृदय किरणांच्या वाटेपासून थोडें दूर सरतें. श्वास रोखून निजलेली बाई हें रणांगणाचें चित्र नव्हे. जें रूपक चौदाव्या दिवशींच्या थकव्याला ‘तूं लढायला कमी पडतेस’ असें म्हणतें, तें रूपक खोटें आहे एवढेंच नव्हे, तर निर्दय आहे.

सोंटॅग म्हणते तशीं रूपकें अजिबात टाकून देतां येतील, असें मात्र मला वाटत नाहीं. भाषा रूपकांनींच चालते. प्रश्न एवढाच कीं, कोणतें रूपक रोग्याच्या अंगाला नीट बसतें. आमच्या सरकारी परिभाषेनें या किरणांना ‘प्रारण’ असा शब्द घडविला आहे. शास्त्रदृष्ट्या तो निर्दोष असेल. पण तो ऐकून शेवगांव-पाथर्डीच्या बाईला प्राण आणि रण याखेरीज दुसरें काय आठवणार? लोकांनीं आपली सोय आपणच करून घेतली आहे. कोणी म्हणतात ‘लाईट’ घ्यावयाची, कोणी म्हणतात ‘शेक’ घ्यावयाचा. या ‘शेक’ शब्दापाशीं टीकाकारानें थोडें थांबलें पाहिजे. तो बाळंतिणीच्या खोलींतला शब्द आहे. शेगडी, ओव्याची धुरी, आईचा हात, बाजेवरची ऊब हें सारें त्या शब्दाबरोबर येतें. ज्या बाईनें आयुष्यांत एकदांच, बाळंतपणांत, दुसऱ्याकडून सेवा करून घेतली, तिनें या अनोळखी यंत्राला त्या सेवेचें नांव द्यावें, यांत केवढी समज आहे! सुश्रुतानें अग्निकर्माची थोरवी सांगतांना, अग्नीनें दग्ध केलेला रोग पुन्हां उद्भवत नाहीं असें म्हटलें, त्याची पुसट आठवणहि या शब्दांत असावी.

परंतु शब्द जितका प्रेमळ, तितकाच तो फसवाहि असूं शकतो. शेक म्हटल्यावर ऊब लागली पाहिजे. ती लागत नाहीं, म्हणून उपचार लागू पडत नाहीं अशी शंका येते. शेक म्हटल्यावर घरीं आणखी थोडा गरम पाण्याच्या पिशवीनें शेकलें तर काय बिघडलें, असेंहि वाटतें. आणि किरणांनीं नाजूक झालेल्या कातडीला नेमकें तेंच बाधतें. उलट ‘किरणोत्सर्ग’ हा भारदस्त शब्द ऐकून हिरोशिमा आठवणारीं सुशिक्षित माणसें दुसऱ्या टोकाला जातात. आजीनें नातवाला जवळ घ्यावें कीं नाहीं, तिचें ताट वेगळें ठेवावें काय, अशी कुजबुज सुरू होते. वस्तुस्थिति अशी आहे कीं, बाहेरून दिलेले हे किरण यंत्र बंद होतांच संपतात. बाईच्या शरीरांत त्यांचा अंशहि राहत नाहीं, आणि ती नातवाला त्याच सायंकाळीं खुशाल मांडीवर घेऊं शकते. एका चुकीच्या शब्दामुळें एखाद्या आजीचे तीन आठवडे नातवाच्या स्पर्शावांचून गेले, तर त्याची जबाबदारी डॉक्टरांइतकीच लेखकांवरहि आहे. शब्द नीट वापरून दाखविणें हें लेखकाचेंच काम.

तें कसें करावें, याचा धडा आम्हां नगरकरांना दूर जाऊन शोधण्याचें कारण नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. नगर आणि राहुरी या आमच्याच जिल्ह्यांतील गांवांशीं त्या ग्रंथाचा मोठा भाग बांधलेला आहे. त्यांत अपत्यांचे मृत्यु आहेत, दुखणीं आहेत, प्लेग आहे. तरीहि तो ग्रंथ दुःखाचा वाटत नाहीं, आणि शौर्याचाहि वाटत नाहीं. कारण लक्ष्मीबाईंना मधला काळ दिसतो. संकट कोसळलेल्या दिवशींहि चूल पेटवावी लागते, कोणी तरी वेड्यासारखें बोलून जातें आणि त्याचें हंसूं येतें, हें त्या सोडीत नाहींत. मोठ्या प्रसंगाला त्या मोठा शब्द वापरीत नाहींत; लहान प्रसंगाला लहान म्हणून वगळीत नाहींत. शाळेचें तोंड फारसें न पाहिलेल्या या बाईनें मराठी गद्याला जें दिलें, तें विद्यापीठांतून उतरलेल्या आम्हां पदवीधरांना अजून नीट उचलतां आलेलें नाहीं. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत पतीच्या अखेरच्या दुखण्याचें चित्र आहे. तें हृदयद्रावक आहे, पण तें शेजारीं बसलेल्या पत्नीचें चित्र आहे. दुखणाऱ्या देहानें स्वतः बोलावें, तेंहि घरगुती आवाजांत, हा मार्ग लक्ष्मीबाईंच्या गद्यांतून जातो.

त्याच्याहि मागें जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनीं ज्या लक्षावधि ओव्या जमविल्या, त्यांत बायांनीं आपल्या देहाचे कष्ट प्रथमपुरुषीं, नांवगांवासह गाइलेले आहेत. पहांटेच्या अंधारांत, पुरुष झोंपलेले असतां, बाई बोलत होती. वाङ्मय ऐकत नव्हतें एवढेंच. आणि बोलण्यानें आरोग्य सुधारतें याचा प्रयोगहि आमच्याच जिल्ह्यांत झाला आहे. जामखेडला १९७० सालीं रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानें जें काम उभारलें, त्याचा कणा म्हणजे गांवोगांवच्या, बहुधा निरक्षर, आरोग्यसेविका. औषधाच्या पेटीपेक्षां त्यांची गोष्ट सांगण्याची हातोटीच अधिक कामीं आली, असें त्या कामाचा इतिहास वाचणाऱ्याला वाटल्यावांचून राहत नाहीं. शेजारच्या बार्शींत १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. ग्रामीण लोकवस्तीची अशी भारतांतील ती पहिली नोंदवही. मुंबईच्या टाटा रुग्णालयानें १९९८ पासून वस्त्यांवस्त्यांतून स्त्री-कार्यकर्त्यांच्या हातांनीं केलेल्या तपासणीचा वीस वर्षांचा अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. साध्या हातांनीं केलेल्या तपासणीमुळें पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु शेंकडा तिसांच्या जवळपास कमी झाले. ज्या गांठीचें नांव घेण्यास भाषा लाजते, ती वेळेवर हातीं लागल्यास काय होऊं शकतें, हें या आंकड्यांत लिहिलेलें आहे.

माझ्या मतें किरणोपचाराच्या वाङ्मयाला साजेसें रूपक युद्धाचें नसून वारीचें आहे. आणि तें मुद्दाम घडवावेंहि लागत नाहीं. ‘दवाखान्याच्या वाऱ्या’ असा शब्दप्रयोग आम्ही रोजच करतों, पण त्यांत त्रागा असतो. तो त्रागा काढून शब्दाकडे पाहावें. वारकरी जिंकावयास जात नाहीं. तो ठरलेल्या दिवशीं ठरलेल्या वाटेनें चालतो, मुक्कामावर टेंकतो, आणि सोबतीच्या आधारानें उद्यांचा मुक्काम गांठतो. मुंबईंत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत टाटा रुग्णालयाचे रुग्ण आपल्या माणसांसह उतरतात. अकोल्याच्या डोंगरांतील किंवा कर्जतच्या माळावरील बाई अशा ठिकाणीं महिनाभर राहते, तेव्हां तिला प्रथमच तिच्यासारख्या दहा जणी भेटतात; आणि लॉर्डनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तेथें आपोआप मिळतें. कोणाची कातडी किती काळवंडली, हात किती वर जातो, कोणाचे केस उगवूं लागले, याची तेथें मोकळी बोलणीं होतात. सैल सुती चोळी कशी शिवावी हें एक दुसरीला सांगते. एवढी सामग्री असतां एकहि मोठी मराठी कादंबरी त्या ओसरीवरून निघूं नये, याचें मला फार नवल वाटतें.

अर्थात् वारी म्हटल्यानें खर्चाची तोंडमिळवणी होत नाहीं, बुडालेली मजुरी परत येत नाहीं, आणि रोग उलटावयाचा तर उलटतोहि. वारीच्या रूपकाचाहि उद्यां सांचा बनूं शकेल, आणि मग त्यालाहि झाडून काढावें लागेल. परंतु एका बाबतींत तें युद्धापेक्षां न्यायी आहे. वाटेंत थांबलेल्या वारकऱ्याला कोणी हरलेला म्हणत नाहीं.

म्हणून पुढच्या लेखिकेकडे माझी मागणी थोडी आहे. तिनें आम्हांला निदानाचा धक्का सांगूं नये. तो आम्हांला ठाऊक आहे. विजयाचा उत्सवहि क्षणभर बाजूला ठेवावा. तिनें नवव्या दिवशींची गोष्ट सांगावी. त्या दिवशीं कांहीं घडलें नाहीं. बस उशिरा आली, यंत्र दोन तास बंद होतें, शेजारच्या बाकावरील म्हातारीनें भाकरी पुढें केली, आणि जुन्या गोंदणाशेजारीं उमटलेला नवा ठिपका आरशांत पाहतांना तिला अवचित हंसूं आलें. एवढें जर कोणी लक्ष्मीबाईंच्या मराठींत लिहील, तर केमो संपल्यावर घरीं परतलेल्या बहिणीला पुन्हां एकदां पिशवी भरून यावेंसें वाटेल, आणि सोळाव्या हप्त्याला कंटाळलेली एखादी बाई सतराव्याला जाईल. टीकाकारानें वाङ्मयाकडून याहून मोठ्या उपयोगाची अपेक्षा करूं नये, आणि लहानाचीहि करूं नये.